दहा मोजायच्या आत

पन्नास सेंटांना आणली होती ग्लेनिसनं,
चर्चच्या जत्रेतून, मायलोच्या रिकाम्या डब्यात.
दोन पानं, आणि मधून निघालेली
मांजराच्या नख्यांसारखी तीन आकडी बोटं.
गाडीतच तिनं स्वेटर धरला.
"बघ मर्व्ह, सोडतच नाही मला!"

त्याला आता चाळीस वर्षं झाली.
मधल्या काळात वेलीनं काय काय घेतलं:
मागचं कुंपण,
कपडे वाळत घालायचा फिरता खांब,
कोंबड्यांचं खुराडं
(कोंबड्या आधीच गेल्या होत्या, नशीब त्यांचं),
आणि चौऱ्याहत्तरच्या पुरानंतर
माझ्या बापानं गाळात रोवलेलं मॅकाडेमियाचं झाड.
ते अजून गिळलं नाही,
पण घास तोंडात आहे.

नगरपालिकेचा पोरगा आला,
टोपीला मागून कापड लावलेला.
खुरपं घातलं आणि बटाट्याच्या पोरासारखा एक कंद
टचकन वर काढला, मग त्याला लागून दुसरा,
मग तिसरा, चौथा,
जादूगार तोंडातून रुमाल काढतो तसे.
"ओढू नका. ओढलीत तर फांदी हातात येते, वेल तिथेच.
कमरेएवढ्या उंचीवर कापा, वरचं वर वाळू द्या.
खालच्या थोटकाला लगेच ब्रशनं औषध.
लगेच म्हणजे दहा मोजायच्या आत,
नाहीतर ती जखम मिटून घेते."
"किती दिवस लागतील?"
"दहा वर्षं," म्हणाला,
उद्या ऊन आहे म्हणावं, तसं.
ग्लेनिसनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे,
मग स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांकडे.
"मग आजच लागलेलं बरं."

पाताळयंत्री हा शब्द हिच्यासाठीच असावा.
वर ऑक्टोबरभर हळदीची उधळण,
लोक गाड्या थांबवून फोटो काढायचे,
आणि ग्लेनिस कौतुकानं रोपं वाटायची.
सात घरांना दिली, तिनं परवा बोटांवर मोजलं,
आणि मग बराच वेळ
हातमोजे घालतच बसली.

मी कापतो, ती औषध लावते.
मी खणतो, ती कंद मोजून काळ्या पिशवीत भरते,
पिशव्या पत्र्यावर, उन्हात.
पहिल्या शनिवारी एकशे बारा.
दुसऱ्या शनिवारी पाऊस.
तिसऱ्या शनिवारी माझी पाठ.

चौथ्या शनिवारी खुराड्यामागे
कुदळ खण्णकन वाजली.
आधी हँडल दिसलं. मग घंटी.
मग चाकाच्या आऱ्यांतून
आत-बाहेर, आत-बाहेर विणत गेलेली वेल,
कुणी फुरसतीनं टोपली विणावी तशी.

डॅरिलची लाल सायकल.
चोरीला गेलेली.
म्हणजे मीच तसं म्हणालो होतो,
भर रस्त्यात, पिकरिंगांच्या कर्टिसचा कान धरून.
दहा वर्षांचा असेल तो.
"मी नाही घेतली," एवढंच म्हणत राहिला,
आणि मी कान अजून पिळला.
त्याच्या आईनं त्यानंतर
आमच्या दारात पाऊल ठेवलं नाही.
डबा परत दिला होता, घासूनपुसून,
कुंपणावर ठेवून गेली होती.

ग्लेनिस काही बोलली नाही.
घंटीवरची माती अंगठ्यानं पुसली.
वाजवून बघितली, वाजली नाही.
"टूवूम्बाला असतो तो आता," म्हणाली,
"टायरचं दुकान आहे."
मी म्हणालो, "जुनी गोष्ट आहे."
म्हणालो, "विसरलाही असेल."
ती गुडघ्यावर हात टेकून पुन्हा खाली बसली
आणि खुरप्यानं माती उकरायला लागली,
नंबर फ्रिजवर होता.
कधीपासून होता, कुणास ठाऊक.

हात न धुताच उचलला फोन.
तिकडे वाजायला लागला.
एक. दोन. तीन.
खिडकीतून दिसत होतं
मॅकाडेमियावर लोंबणारं वाळकं जाळं,
शेंड्याला अजून थोडं हिरवं.
पाच. सहा.
"दोनशे अकरा!" ग्लेनिस बाहेरून ओरडली.
सात.
"पिकरिंग टायर्स," कुणीतरी म्हणालं,
भरदार, पन्नाशीला टेकलेला आवाज.
"हॅलो? कोण बोलतंय?"